कळी माझी, पट्टी दुसऱ्याची

मी, नलू चंद्रभान खैरनार, वय अडुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार काटकरपाडा, बोईसर, तालुका व जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. सुईत दोरा चष्मा लावून का होईना, पहिल्याच खेपेला ओवते. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून भरीला पाडलेले नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून जे सांगितले ते मला समजले आहे, म्हणून हे काम पुढे ढकलत नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलमांची मांडणी वकील भावना संखे यांनी करून दिली. मधला बराचसा मजकूर कोर्टाच्या उपयोगाचा नाही, काढून टाका, असे त्या म्हणाल्या. तो मी ठेवला आहे. ज्यांना हे वाचायचे आहे त्यांना तो लागणार आहे.

कलम १. माझे पती चंद्रभान हे अमळनेरकडून इकडे आले व तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्यात कामाला होते. १९९३ साली ते काविळीने वारले. आम्हाला एकच अपत्य, मुलगा भाग्येश, वय त्रेचाळीस. तो पत्नी प्रतीक्षासह वापीला राहतो व तिथेच नोकरी करतो. माझा कायदेशीर वारस तोच.

कलम २. काटकरपाड्यातील राहती खोली, बँकेतील ठेव व अंगावरचे सोने भाग्येशने घ्यावे. लोखंडी कपाट प्रतीक्षाला द्यावे. माझ्या दुखण्यात ती दोन महिने वापीहून ये-जा करत राहिली व एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. कपाटाचे दार थोडे उचलून लावावे लागते. हे भाग्येशला सांगून उपयोग नाही, तो ढकलतो.

कलम ३. स्टेशनच्या पूर्वेकडील माझा दुकानाचा गाळा क्रमांक सात व त्यामागची पत्र्याची शेड ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. २००३ साली ती मी शिवणकामाच्या कमाईतून घेतली. हा गाळा व शेड मी सोमी झिपरू घाटाळ, वय अठ्ठावीस, हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. ती माझी नातेवाईक नाही. भाग्येशने फोनवर विचारले, "आई, गाळा तिला का?" प्रश्न रास्त आहे. मला फोनवर उत्तर देता आले नाही, दम लागला, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

कलम ४. १९८७ साली घिवलीचे अंकुश तामोरे माझ्या दारात आले. तेव्हा मी खोलीच्या ओट्यावर पायमशीन ठेवून ब्लाउज-परकर शिवत असे. त्यांनी पिशवीतून एक जुना पांढरा सदरा-पायजमा काढला. हा तायक्वांदोचा पोशाख, याला डोबोक म्हणतात, हा कोरियातला लढण्याचा खेळ, मी मुंबईत शिकलो, आता बोईसरला वर्ग काढतोय, मुलांसाठी बारा नग हवेत, असे त्यांनी सांगितले. कोरिया कुठे आहे हे मला माहीत नव्हते. मी सदरा उलटा करून शिवण पाहिली आणि हो म्हटले.

पहिल्या परीक्षेच्या दिवशी बारापैकी नऊ पायजमे लाथ मारताना मधोमध फाटले. मुले पुढे दप्तर धरून घरी गेली. अंकुश सर फाटक्यांचे गाठोडे घेऊन आले. रागावले नाहीत. आमचा पाय डोक्यापर्यंत जातो, एवढेच म्हणाले. मग मी मूळचा पायजमा उसवून पाहिला. दोन पायांच्या मध्ये एक चौकोनी तुकडा तिरका बसवलेला होता. आम्ही शिंपी त्याला कळी म्हणतो. ती मला दिसली होती, पण कापड वाचावे म्हणून मी वगळली होती. त्या दिवसापासून माझ्या हातची कळी मोठी व दुहेरी टिपेची असते. त्यानंतर एकही फाटलेली नाही. पुढची अडतीस वर्षे मी हेच शिवत आले.

मापे घेताना सर बोलत असत, त्यातून मला कोरिया थोडा थोडा कळला. त्या देशावर पस्तीस वर्षे जपानचे राज्य होते. ते १९४५ साली संपले आणि सोल शहरात निरनिराळ्या गुरूंनी आपापल्या शाळा काढल्या. त्यातले बरेच जण जपानी कराटे शिकलेले. १९५५ साली एका सेनापतीच्या पुढाकाराने या सगळ्याला तायक्वांदो हे एकच नाव द्यायचे ठरले. काही लोक हा खेळ दोन हजार वर्षांचा आहे असे सांगतात. त्यावर मी काय बोलणार? पण एकदा एका कराटेवाल्याचा सदरा दुरुस्तीला आला आणि माझा फर्मा, म्हणजे कापणीचा कागदी नमुना, त्यावर ठेवला तर काट तीच निघाली. मी सरांना दाखवले. ते हसले. "कपडा खोटं बोलत नाय, नलूताई," म्हणाले.

कलम ५. सरांचा पहिला विद्यार्थी शिवाजी गुंजाळ. संगमनेरकडचा, रासायनिक कारखान्यात फिटर. रात्रपाळी करून सकाळी वर्गाला उभा राहायचा. चंद्रभान वारले तेव्हा शिधा भरण्यापासून भाग्येशच्या शाळेपर्यंत या दोघांनी, सरांनी आणि शिवाजीने, माझे घर सांभाळले. हे मी विसरलेले नाही, म्हणूनच पुढचे मला जास्त लागले.

तायक्वांदोची कोरियातच दोन घरे झालेली होती. सेनापतींचे सरकारशी बिनसले, ते देश सोडून कॅनडात गेले, त्यांची संघटना त्यांच्याबरोबर गेली. १९७३ साली सोलमध्ये दुसरी संघटना उभी राहिली. सर जुन्या घरचे. पुढे १९९४ साली तायक्वांदो ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ ठरला, पण तो नव्या घरचा. शिवाजीचे म्हणणे पडले की आपल्या मुलांना पुढे जायचे असेल तर आपण तिकडे जावे. सरांना ते गुरू बदलल्यासारखे वाटले. जुन्यांचा सदरा पुढून उघडा, नव्यांचा डोक्यातून घालायचा, गळ्याला कोन असलेला. १९९५च्या दिवाळीआधी शिवाजी त्या नव्या सदऱ्याचा नमुना घेऊन माझ्याकडे आला आणि त्याच वेळी सरही आले. माझ्या ओट्यावर दोघांचे बोलणे वाढले. शेवटी सर मला म्हणाले, याचा सदरा शिवायचा असेल तर माझा शिवू नका.

मी म्हटले, "सर, मी मुलांची मापं घेतलीत. माप घेतलेल्या मुलाला मी परत पाठवत नाही. याच्याही नाही आणि तुमच्याही नाही."

त्यांनी भिंतीवरून आपला कागदी फर्मा काढला, गुंडाळी केली आणि गेले. एकवीस वर्षे ते माझ्याकडे आले नाहीत. आपले सदरे ते पालघरला शिवून घेत. त्या शिंप्याचे सदरे काखेत ओढतात, हे मी रस्त्यावरून जाणाऱ्या मुलांच्या अंगावर पाहत असे आणि मला वाईट वाटे. शिवाजीचा वर्ग वाढला. सिडनीच्या ऑलिम्पिकनंतर तर मापांची वही पुरेना. गाळा त्यातूनच आला.

कलम ६. सोमी ही डोंगरपट्टीतल्या पाड्यावरची. वडील झिपरू पावसाळ्यात स्वतःचे चार वाफे भात करायचे आणि बाकीचे आठ महिने बोईसरला इमारतीच्या कामावर. सोमी बोईसरच्या वसतिगृहात राहून शिकत होती. २०१२ साली, पंधरा वर्षांची असताना, शिवाजीच्या वर्गात आली. दर चार महिन्यांनी पायजमा आखूड व्हायचा आणि ती घडी सोडून घ्यायला यायची. बोलायची कमी. एकदा मी विचारले, लाथ मारताना काय मनात असते? ती म्हणाली, काही नाही, पाय हलका होतो.

२०१४ साली राज्य निवड स्पर्धेसाठी शिवाजी सहा मुलींना घेऊन निघाला. मुलींबरोबर बाई हवी म्हणून मीही गेले. तिथे नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाने सोमीचा सदरा उलटा करून मानेमागे पाहिले. मान्यताप्राप्त कंपनीच्या नावाचीच पट्टी लागते, असा नियम होता. बाकी मुलींचे पालक तो विकतचा पोशाख घेऊ शकले होते. सोमीचा मी शिवला होता, आणि माझ्या कपड्याला कुठलीच पट्टी नसते. तो माणूस उद्धट नव्हता. नियम छापील होता, तो त्याने वाचून दाखवला. त्याला मी या मृत्युपत्रात काही देत नाही, पण त्याच्याबद्दल माझ्या मनात अढीही नाही.

शिवाजीने विनवण्या केल्या. सोमी भिंतीला टेकून उभी होती, केस बांधलेले, हातापायांना पट्ट्या गुंडाळलेल्या. तिची झुंज अर्ध्या तासावर होती. दुसरा पोशाख तिच्या मापाचा नव्हता. तेव्हा मी जे केले ते लिहिते. मला एका मान्यताप्राप्त सदऱ्याची पट्टी मिळाली. जिन्याखाली बसून मी ती उसवली आणि सोमीच्या सदऱ्याच्या मानेमागे शिवली. सोमीला सांगितले की नवा सदरा मिळाला, घाल. टेबलावरच्या माणसाने पट्टी पाहिली आणि शिक्का मारला. मी आयुष्यात कोणाचे चिंधीभर कापड मागे ठेवले नव्हते. त्या दिवशी माझ्या कामावर मी दुसऱ्याचे नाव शिवले.

सोमीने तीन झुंजी जिंकल्या आणि तिसरी आली. वर्तमानपत्रात फोटो आला, पाय डोक्याच्या वर. मी तो कापून ठेवला, पण भिंतीवर लावला नाही.

कलम ७. २०१६ साली अंकुश सर गाळ्यात आले. केस पांढरे झालेले. मी स्टूल पुढे केले. ते बसले, पाणी प्यायले आणि खिशातून तोच फोटो काढला.

"नलूताई, कळी तुमचीच हाय," ते म्हणाले. "दुहेरी टीप मी वळखतो. पन तितं कंपनीच्या पट्टीबगर उभं करत नाय. पट्टी कोनाची हाय?"

मी खोटे बोलले नाही. पट्टी दुसऱ्या सदऱ्याची, शिवली मी, पोरीला माहीत नाही, असे सांगितले. कोणाची ते मात्र सांगितले नाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही. फोटो त्यांनी छापून आला तेव्हाच पाहिला होता आणि दोन वर्षे गप्प राहिले होते. पण आता सोमी पोलीस भरतीचा अर्ज भरणार, खेळाडूंच्या राखीव जागेसाठी तेच प्रमाणपत्र जोडणार, हे त्यांच्या कानावर आले होते.

"मी कोनाला कळवनार नाय," ते म्हणाले. "पन पोरीला सांगा. आपन पोरांकडून रोज सचोटीची शपथ म्हनून घेतो. तिला ठाऊक नसताना तिच्या गल्यात ते राहू नये."

चार दिवस माझी हिंमत झाली नाही. पाचव्या दिवशी सोमी कागदांच्या प्रती काढून दुकानात आली तेव्हा मी सगळे सांगितले. ती शिवून झालेल्या सदऱ्यांच्या ढिगाजवळ बसली आणि त्यांचे सुटे दोरे तोडत राहिली. मग म्हणाली, "मावशी, लात माजीच व्हती."

मी हो म्हटले.

"पन पट्टी माजी नव्हती," असे म्हणून तिने कागदांतून ते प्रमाणपत्र बाजूला काढले.

तिने अर्ज सर्वसाधारण जागेतून भरला. धावण्यात पहिल्या दहांत आली आणि शेवटच्या यादीत दोन गुणांनी राहिली. ते प्रमाणपत्र जोडले असते तर ती आज वर्दीत असती. हे मला रोज आठवते. तिने कधी बोलून दाखवलेले नाही.

त्यानंतर तीन महिने ती आली नाही. एकदा झिपरू आले, कामावरचे सिमेंट अंगावर तसेच. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर केला. पोर रागावली नाही, ती विचार करते, एवढे सांगून गेले. मग एका रविवारी सोमी आली, बरोबर पाड्यावरची चार मुले. "मावशी, यांची मापं घे," म्हणाली.

अशी तिची शिकवणी सुरू झाली. आधी शाळेच्या पडवीत, पडवी बंद झाली तेव्हा माझ्या शेडमध्ये. आज साठ मुले येतात. शिवाजीकडून ती नव्या घरचे शिकली होती. त्यानंतर दर रविवारी घिवलीला जाऊन अंकुश सरांकडून जुन्या घरचे हालचालींचे क्रमही शिकून आली. शिवाजीला कळले तेव्हापासून तो बसस्टँडपर्यंत तिला मोटरसायकलवर सोडू लागला. शेडमध्ये आता दोन्ही तऱ्हेचे सदरे एकाच दोरीवर वाळतात. ते सगळे सोमी आणि मी मिळून शिवतो.

कलम ८. गेल्या पौषात मी या मृत्युपत्राचा कच्चा खर्डा शिवाजीला वाचायला दिला, कारण साक्षीदार म्हणून मला तो हवा होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "वहिनी, पट्टी माझ्या अंगावरच्या सदऱ्याची होती. मीच काढून दिली. हे लिहा." मी म्हटले, तू अजून शिकवतोस, तुझे नाव कशाला. तो म्हणाला, तुम्ही एकट्या का वाहाल?

दुसऱ्या दिवशी तो स्वतः घिवलीला गेला. तीस वर्षांत प्रथमच सरांच्या दारात. तिथे काय बोलणे झाले ते दोघांनीही मला सांगितले नाही. शिवाजी परतला तेव्हा मोटरसायकलच्या हँडलला सुक्या बोंबलांची पिशवी होती.

कलम ९. गाळ्याबद्दल मी सोमीला सांगितले तेव्हा ती नको म्हणाली. भरपाई म्हणून देत असशील तर घेणार नाही, असे तिचे शब्द. म्हणून स्पष्ट लिहिते की ही भरपाई नाही. दोन गुणांची भरपाई गाळ्याने होत नसते. गाळा तिला देण्याचे कारण इतकेच की त्या शेडमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ मुले उभी राहतात आणि त्यांना उभी करणारी ती आहे. गाळा विकला तर चांगली किंमत येईल हे मला माहीत आहे. भाग्येशलाही ते माहीत असणार, आणि तसे वाटण्यात त्याची चूक नाही. पण मुलांना जायला दुसरी जागा नाही.

एक गोष्ट भाग्येशसाठी. तू नऊ वर्षांचा असताना सरांच्या वर्गात घाल म्हणून हट्ट धरला होतास. मी घातले नाही. तुझे वडील तेव्हा सारखे आजारी होते आणि तुला काही लागले-खुपले तर मी काय करू, ही भीती मला होती. मी अख्ख्या बोईसरच्या मुलांची मापे घेतली, तुझे घेतले नाही. तू पुन्हा कधी विचारले नाहीस. मला वाटले विसरलास. आता वाटते, विसरला नसशील. चुकले माझे.

कलम १०. मोटरची मशीन, ओव्हरलॉक, सर्व फर्मे व मापांच्या वह्या सोमीला. जुनी पायमशीन तिच्या पाड्यावर ज्या बाईला शिकायची असेल तिला, सोमी सांगेल तिला. माझ्या हातची छातीची अकरा कवचे शिल्लक आहेत. सर सांगत की कोरियात पूर्वी अशा कवचांत बांबूच्या काड्या घालत. मी फोम घालून वर रेक्झिन शिवत असे. आता लाथ लागली की आपोआप गुण मोजणारी विजेची कवचे आली, स्पर्धेत माझी चालत नाहीत. सरावाला चालतात. ती आश्रमशाळेत द्यावीत.

उसवायची बारीक कात्री शिवाजीला. २०१७ साली जगभरच्या त्यांच्या संघटनेने नाव बदलले आणि शिवाजी चाळीस सदरे घेऊन आला, छातीवरच्या डब्ल्यू-टी-एफ या तीन इंग्रजी अक्षरांतले तिसरे उसवा म्हणाला. का, ते सांगेना, मान खाली घालून उभा राहिला. शेवटी सोमीने माझ्या कानात सांगितले की मोबाइलवर लोक त्या तीन अक्षरांचा भलताच अर्थ लावतात. चाळीस अक्षरे आम्ही तिघांनी मिळून उसवली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकीलबाईंचे म्हणणे पडले, म्हणून ती कात्री मी आजच त्याच्या हातात दिली आहे.

कलम ११. अंत्यविधी भाग्येशला सोयीचा वाटेल तसा करावा. दहाव्या-बाराव्याला जेवणावळ घालू नये. अंगावर माझी नेहमीची सुती साडी असावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील भावना संखे यांनी करावी.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिला आहे. दोन्ही साक्षीदार एका वेळी हजर असायलाच हवेत असे नाही, हे वकीलबाईंनी सांगितले होते. माझा आग्रह होता, म्हणून दोघे आज गाळ्यात एका बाकावर बसून सही करत आहेत.

ठिकाण: बोईसर
दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार

लिहून देणार: नलू चंद्रभान खैरनार (सही)

साक्षीदार:
१. अंकुश तामोरे, राहणार घिवली (सही)
२. शिवाजी गुंजाळ, राहणार बोईसर (सही)

खाली लिहिणार भाग्येश चंद्रभान खैरनार. आईने आज दुपारी हे सगळे मला वाचून दाखवले. पट्टीचे मला माहीत नव्हते. कलम ३ व ९ यांना माझी हरकत नाही. गाळ्याचे विजेचे मीटर माझ्या नावावर आहे. ते सोमीच्या नावावर करण्याचा अर्ज उद्या सोमवारी देऊन मगच वापीला जाईन. शेडमध्ये एकच दिवा आहे, तिथे साठ मुलांना तो पुरत नाही. दुसरा आज संध्याकाळी लावतो.
(सही)